वाटेत नसलेलं गाव

मिरजेला काल भाचीचं लग्न उरकलं.
आज सकाळच्या पॅसेंजरला मी एकटीच बसले,
नखांत हळद, पिशवीत उरलेल्या बुंदीचे दोन पुडे.
जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी,
ही नावं एके काळी पाठ होती मला
मनगटातल्या हाडांसारखी, ओळीनं.
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीच्या दिवशी
आम्ही तिघी याच गाडीनं कोल्हापूरला यायचो,
तिकिटं दोनच असायची,
तिसरी आळीपाळीनं संडासात.
गूळ मार्केटला तिथून हाक यायची,
"आलं का गं? वासावरनं तर आलंय."

उतरले. रुळांच्या टोकाला अडसर,
अडसरापलीकडं गवत, गवतात एक शेळी.

मेबलकडं सरळ जायचं धाडस नव्हतं.
म्हणून आधी गाव बघितलं.
गंगावेशीत कट्ट्यावर उभ्यानं धारोष्ण दूध प्याले,
पदरानं मिशी पुसली.
अंबाबाईची रांग भवानी मंडपापर्यंत आलेली,
लांबूनच शिखराला हात जोडले.
रंकाळ्यावर बाकावर बसून भडंग खाल्लं, पाणी पाहिलं,
पाण्यापेक्षा घड्याळच जास्त.
चपलांच्या ओळीत एक जोड घेतला, करकर वाजणारा.
दुकानदार म्हणाला, "दोन दिवस चावंल मावशी,
मग तुमचंच ऐकंल."

विमल खोतच्या दाराला कुलूप.
शेजारीण म्हणाली, गडहिंग्लजला गेल्यात,
लेकीचं बाळंतपण.
चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकींची केली,
आता घरचं.
एक पुडा शेजारणीकडं ठेवला.
मी कोण, हे तिनं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आणि मग कसबा बावडा. रिक्षातून उतरले
तर चप्पलच बोलायला लागली गल्लीभर.
बेल वाजवायच्या आधी दार उघडलं.

मेबल. केस पांढरे, चष्मा दोरीला,
उभं राहणं तेच, वॉर्डच्या दारात राहायची तसं.
"मिरजेला लग्न होतं," मी म्हणाले,
"वाटेत होतं, म्हणून आले."
"कोल्हापूर कुणाच्या वाटंत न्हाई येत," ती म्हणाली.
"रूळ हितं संपत्यात.
हितं यायचं तर यायचंच म्हणून यावं लागतंय."

भिंतीवर सॅमसनचा फोटो. अकरा वर्षं झाली.
तो गेला तेव्हा मी फोनवर म्हणाले होते,
रजा मिळत नाही.
रजा मी मागितलीच नव्हती.
हे आज सांगावं म्हणून आले होते मी,
वाक्य तयार होतं, गाडीत तीनदा म्हणून पाहिलेलं.

"बस. रंकाळा बघूनच आलीस न्हवं?
पिशवीत भडंगाचा कागद दिसतोय.
आधी रंकाळा आणि मग मी व्हय?"
एवढ्यावर भांडली ती. मनापासून, पाऊण तास.
मटण शिजेस्तोवर भांडली,
वाढताना भांडली,
पांढरा रस्सा तिसऱ्यांदा ओतताना म्हणाली,
"नको म्हणशील तर उठून जा."

दुपारी पलंगावर आडव्या पडलो दोघी.
पंख्याकडं बघत मी ते वाक्य म्हणाले.
ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, "ठाऊक हुतं.
तुमच्या मेट्रनला मीच फोन केलता, तुला सोडा म्हणून.
ती म्हणाली, अर्जच न्हाई."
आणि कूस बदलून माझी टाच बघितली,
चपलेनं सोललेली.
उठली, कापूस आणला, आयोडीन आणलं.
"हूं करू नको. नर्स हैस."

रात्री स्टेशनवर आली सोडायला.
पुण्याकडच्या गाडीत मला खिडकी मिळाली,
मांडीवर तांबड्या रश्शाचा डबा,
झाकणाला पीठ लावून बंद केलेला,
तरी वास सुटलेला, समोरचे काका सारखे बघतायत.
इथल्या बायका स्वतःला पुरुषासारखं बोलतात,
मी करतो, मी जातो.
हॉस्टेलवर आम्ही हसायचो तिला त्यावरून.
गाडी हलली.
मेबल चालत राहिली दोन डबे, मग थांबली.

"येतो गं," मी ओरडले.
माझ्याच तोंडून. येतो.
ती हसली की नाही, दिसलं नाही.
काका म्हणाले, "डबा सांडतोय तुमचा."